‘बचत गटाचं आहे’ म्हणून घेतलं. मग दुसऱ्यांदा का नाही घेतलं?

गोलाईकर | मंगळवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. चार वर्षं नुसता वाचतोय, आज पहिलाच धागा काढतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

लातुरात आमचं किराणा दुकान आहे. गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. आमचं दुकान त्यातल्या एकाही रस्त्यावर नाही, दोन बोळ आत आहे. त्यामुळं चुकून शिरलेलं गिऱ्हाईक आम्हाला माहीतच नाही. येईल तो ओळखीचा, आणि निम्म्यांची खाती उधारीच्या वहीत. ही वही लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

दोन वर्षांमागं गल्ल्याशेजारची फळी मोकळी करून तिथं औसा तालुक्यातल्या एका महिला बचत गटाचा माल ठेवला. येसर, कारळाची चटणी, बाजरीच्या खारोड्या, सांडगे. (पुण्या-मुंबईच्या मंडळींसाठी: येसर म्हणजे गहू, ज्वारी, हरभऱ्याची डाळ खमंग भाजून, धने-जिरे-मिरी-दगडफूल घालून दळलेलं पीठ. पाण्यात कालवून फोडणीत सोडलं की आमटी. आमच्याकडं लग्नात ही आमटी नसेल तर पाहुणे आहेर परत मागतील.)

माल गटाचा, पण पाकीट शहरातल्या एका संस्थेनं करून दिलेलं. गुळगुळीत कागद, वर भेगाळलेली जमीन, एका म्हातारीचे सुरकुतलेले हात आणि खाली ‘दुष्काळाशी झुंजणाऱ्या माउलींना तुमची साथ’. ‘येसर’ हा शब्द चष्मा लावून शोधावा लागायचा. दिवाळीच्या तोंडावर पन्नास पाकिटं ठेवली, तीन आठवड्यांत उडाली. बाजारातल्या मसाल्यापेक्षा वीस रुपये जास्त, तरी कुणी ‘कमी करा’ म्हटलं नाही. साखरेच्या भावात एका रुपयासाठी पाव तास भांडणाऱ्या माणसानंही मुकाट पैसे काढले. मी खूष. आणखी शंभर मागवली.

ती शंभर होळीपर्यंत तशीच पडून.

मग वही काढली. कुणी नेलं होतं ते नावानिशी सापडलं. येताजाता एकेकाला विचारायला लागलो. समोरच्या वाड्यातल्या काकू म्हणाल्या, ‘चांगलं काम आहे म्हणून घेतलं होतं रे.’ म्हटलं, आमटी कशी झाली? तर काकू जरा घुटमळल्या, मला आत नेऊन फडताळ उघडलं. पोह्याच्या डब्यामागं पाकीट उभं. फोडलेलंच नव्हतं. ‘पाहुणे आले की दाखवते मी,’ म्हणाल्या.

पुढची गंमत ऐका. त्या वर्षी छापील पाकिटं संपली आणि संस्थेकडून नवीन येईनात. गटातल्या बायकांनी साध्या पिशवीत माल भरला आणि पांढऱ्या चिठ्ठीवर पेनानं लिहिलं: ‘येसर. दळल्याची तारीख अमुक. गिरणीत आधी कुणाची मिरची दळलेली नव्हती.’ खाली मोबाईल नंबर. बास. म्हातारी नाही, भेगा नाहीत, साथ नाही.

हा माल हळू गेला. दिवाळीसारखी झुंबड नाही. पण नेलेलं माणूस महिन्यानं परत यायला लागलं. एका बाईंनी तर नंबरावर फोन लावून झापलं, की भाजणी जास्त झालीय, आमटी काळी दिसते. पुढचं दळण उजळ आलं. त्या बाई आता दर महिन्याला अर्धा किलो नेतात, आणि दर वेळी चार माणसांत सांगतात की येसर माझ्यामुळं सुधारलं.

तर प्रश्न असा. सामाजिक हेतू असलेल्या धंद्याकडून आपण माल घेतो तो नेमका कशासाठी? दया? भरवसा? की पाहुण्यांना दाखवायला? खरं खरं सांगा, इथं कुणाला तोंड दाखवायचं नाहीये.

परभणी_ते_पिंपरी | मंगळवार, रात्री ११:१५

खरं सांगायचं तर अपराधी वाटतं म्हणून.

गाव सोडून वीस वर्षं झाली. शेत बटईनं दिलंय. प्रदर्शनात ‘मराठवाडा’ अशी पाटी दिसली की पाय आपोआप तिकडं वळतात. गेल्या खेपेला दोन किलो ज्वारीचं पीठ, तीन चटण्या आणि एक गोधडी घेतली. पिठात किडे झाले (पोरं भाकरी खात नाहीत), गोधडी गाडीच्या डिकीत आहे. बायको त्याला ‘गाव सोडल्याचा हप्ता’ म्हणते.

हप्ता भरला की महिनाभर बरं वाटतं, हेही खरं.

आडत_आणि_हिशेब | बुधवार, सकाळी ७:०५

आम्ही डाळीच्या बाजारातले. भावनेवर धंदा चालत नाही, साहेब.

आपल्या लातूर जिल्ह्यातल्या बोरसुरीची तूरडाळ बघा. २०२४ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच सुमारास पानचिंचोलीच्या चिंचेला आणि कास्तीच्या कोथिंबिरीलाही मिळालं. लोक जास्त पैसे का देतात? शेतकऱ्याचं भलं व्हावं म्हणून? अजिबात नाही. वरणाला चव येते म्हणून देतात. शेतकऱ्याचं भलं झालं तर तो वरकड फायदा.

‘सेंद्रिय’ या शब्दाचं काय झालं ते डोळ्यांपुढं आहे. पाच वर्षांपूर्वी सेंद्रिय गूळ म्हटलं की गिऱ्हाईक थांबायचं. आता रस्त्याच्या कडेला ज्याचा गूळ काळा तो सेंद्रिय. ‘बचत गट’ या शब्दाचंही तेच होणार. उद्या मी माझ्याच गोदामात चार बायका बसवून पाकिटावर ‘माउली’ छापलं तर तुम्ही कसं ओळखणार?

गोलाईकर | बुधवार, सकाळी ९:३०

@आडत, तुमचं पटतंय आणि नाहीही. चवीवरच सगळं असतं तर काकूंनी पाकीट फोडलं असतं ना! चवीच्या आधीचं काहीतरी आहे.

पाटी_पेन्सिल | बुधवार, दुपारी १:२०

संभाजीनगरला अर्थशास्त्र शिकवतो. तास संपल्यावर लिहितोय, त्यामुळं थोडं मास्तरी वाटेल.

‘चवीच्या आधीचं काहीतरी’ याचा शोध बऱ्याच जणांनी घेतलाय. जेम्स आंद्रेओनी या अर्थशास्त्रज्ञानं १९९० च्या आसपास मांडलं की माणूस देतो तेव्हा दुसऱ्याचं भलं होणं हा एक भाग, पण ‘मी दिलं’ याची जी ऊब मिळते ती वेगळी, आणि माणूस त्या उबेचेही पैसे मोजतो. काकूंच्या फडताळातलं पाकीट म्हणजे ती ऊब. ती पहिल्याच दिवशी मिळाली. मग पाकीट फोडायची गरज काय?

पण भावाशी या उबेचं नातं विचित्र आहे. अमेरिकेत एका किराणा साखळीच्या २६ दुकानांत प्रयोग झाला, २०१५ मध्ये छापून आला. तीच सुटी कॉफी, काही ठिकाणी ‘उत्पादकाला रास्त मोबदला’ अशी चिठ्ठी, काही ठिकाणी दुसरीच चिठ्ठी. रास्त मोबदल्याच्या चिठ्ठीनं विक्री जवळपास दहा टक्क्यांनी वाढली. मग चिठ्ठीवाल्या कॉफीचा भाव वाढवून पाहिला. महाग कॉफी पिणारं गिऱ्हाईक टिकलं. स्वस्त कॉफी पिणारं शेजारच्या बरणीकडं वळलं. म्हणजे ज्याला मुळात परवडतं त्याचा हेतू टिकाऊ, ज्याचा महिना ओढाताणीचा त्याचा हेतू भावाबरोबर मोडतो. यात त्याला नावं ठेवण्यासारखं काही नाही.

मला सर्वांत आवडतो तो दुसरा प्रयोग. एका करमणूक उद्यानात पाळण्यावर बसलेल्या लोकांचे फोटो काढून विकायचे. लाखावर माणसांवर हा प्रयोग झाला, २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. ठरलेला भाव जवळपास तेरा डॉलर, तेव्हा शंभरात एकसुद्धा घेत नव्हता. त्यातले अर्धे पैसे धर्मादायला जातील असं सांगितलं, विक्री जेमतेम हलली. मग म्हणाले, वाटेल ते द्या. शंभरात आठ-साडेआठ लोकांनी फोटो नेला, पण सरासरी एक डॉलरसुद्धा दिला नाही. आणि शेवटी दोन्ही एकत्र केलं: वाटेल ते द्या, त्यातलं निम्मं धर्मादायला. आता काय झालं असेल?

परभणी_ते_पिंपरी | बुधवार, दुपारी १:४५

सर, तासाला बसल्यासारखं वाटतंय. सांगून टाका.

पाटी_पेन्सिल | बुधवार, दुपारी २:१०

फोटो नेणारे जवळपास निम्म्यावर आले. पण ज्यांनी नेला त्यांनी सरासरी पाच डॉलरहून जास्त मोजले.

म्हणजे आधी एक डॉलरात फोटो नेणाऱ्यांपैकी बरेच जण काउंटरपासूनच मागं फिरले. धर्मादायला निम्मे जाणार आणि आपण एक डॉलर द्यायचा, यात ते स्वतःच्याच नजरेत उतरले असते. देवळात दानपेटीपुढं खिशात फक्त पाचशेची नोट आणि एक रुपयाचं नाणं निघालं की आपण जसं ‘येताना टाकू’ म्हणून सटकतो, तसं.

गोलाईकर, तुमच्या त्या शंभर पाकिटांमागं हेही असू शकतं. ‘माउलींना साथ’ लिहिलेलं पाकीट हातात घेऊन पुन्हा फळीवर ठेवणं अवघड. त्यापेक्षा त्या फळीकडं न बघणं सोपं.

गोलाईकर | बुधवार, दुपारी २:२५

बाप रे. सर, हे मी बघितलंय. होळीच्या आधी लोक गल्ल्याशी उभं राहून मान उजवीकडं वळवायचे. मला वाटायचं भिंतीवरचं कॅलेंडर बघतायत.

सरळ_रेघ | बुधवार, दुपारी ४:००

बायकांच्या चटणीची एवढी चिरफाड, आणि मोठ्या कंपन्या मोकळ्या? १९८३ मध्ये अमेरिकन एक्सप्रेसनं जाहीर केलं, की आमचं कार्ड वापराल त्या प्रत्येक वेळी एक सेंट स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याच्या डागडुजीला. सतरा लाख डॉलर जमले. कार्डाचा वापरही वाढला. तिथून सगळ्यांना वाट सापडली.

आपल्याकडं कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजकामावर घालणं बंधनकारकच आहे. कायद्यानं द्यायचेच ते पैसे, आणि जाहिरात अशी की जणू दानशूर कर्ण. ‘पर्यावरणस्नेही’च्या थापा इतक्या वाढल्या की ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला त्यावर नियम काढावे लागले: दावा करा, पण पुराव्यानिशी.

माझा नियम साधा आहे. हेतू आणि माल एकाच हातात हवा. लिज्जत घ्या. १९५९ मध्ये गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन सुरू केलं. लाटणारीच मालकीण. तिथं मी पापड घेतो तेव्हा दान करत नाही, लाटणारीचं बिल भरतो.

गोदेकाठचा | बुधवार, सायंकाळी ७:५०

नांदेडकर आहे, तेव्हा खादीबद्दल बोलल्याशिवाय जेवण जाणार नाही.

आमच्याकडं मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत राष्ट्रध्वज तयार होतात. ध्वजाचं कापड उदगीरच्या केंद्रात विणलं जातं. या संस्थेमागं स्वामी रामानंद तीर्थ आणि गोविंदभाई श्रॉफ ही माणसं, म्हणजे हैदराबाद मुक्तिसंग्रामाची. निजामाच्या राज्यात खादी अंगावर घालणं म्हणजे पोलिसाला आपणहून पत्ता सांगणं होतं. माझे आजोबा घालायचे. त्यांना कुणी विचारलं नव्हतं की ग्राहक म्हणून तुमची प्रेरणा काय!

आता आजचं. ३० डिसेंबर २०२१ ला ध्वजसंहितेत बदल झाला आणि यंत्रावर विणलेल्या, पॉलिस्टरच्या ध्वजालाही परवानगी मिळाली. २०२२ च्या ऑगस्टमध्ये ‘हर घर तिरंगा’ आलं, पोस्टात पंचवीस रुपयांना झेंडा. घरोघर झेंडा लागला, आनंदच आहे. पण आमच्या सोसायटीच्या बैठकीत मी म्हटलं की निदान गेटवरचा मोठा तरी खादीचा घेऊ, आपल्याच गावात बनतो. सगळ्यांनी माना डोलावल्या. खजिनदारानं भाव विचारला. माना थांबल्या.

शेवटी खादीचा आलाच, पण कसा? एक निवृत्त सुभेदार आहेत आमच्यात. ते म्हणाले, ‘पॉलिस्टर उन्हात कसं चमकतं बघितलंय? आणि वाऱ्यात खादीचा झेंडा कसा उलगडतो ते बघा, जड, सावकाश.’ एवढ्यावर मंजूर. गावातल्या विणकराच्या नावानं झालं नाही ते झेंड्याच्या ऐटीनं झालं.

आणि हो, खादीवाले आम्ही निष्ठावंत खरे, पण सदऱ्याचं कापड दोन ऑक्टोबरची सूट लागल्यावरच घेतो. :)

आडत_आणि_हिशेब | बुधवार, रात्री ८:०५

बघा! सुभेदार माझ्या पार्टीचे निघाले.

औसेकर_२ | बुधवार, रात्री ९:१०

थोडं वेगळं. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे भूकंप झाला तेव्हा मी दहा वर्षांचा. आदल्या रात्री गणपती बुडवून आलेलो. त्यानंतरचे महिने आठवतात ते कपड्यांच्या ढिगांमुळं. देशभरातून कपडे आले. चांगल्या मनानंच पाठवले होते लोकांनी. ढिगात जरीच्या साड्या, सुटाचे कोट. माझ्या आजीनं कोट कापून बैलाची झूल केली.

पण त्याच काळात दुसरंही घडलं. घरं बांधताना गावोगावच्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमलं. कुणाच्या घराचा पाया कुठवर आला, सिमेंट मिळालं का, हे त्या सरकारला विचारायला लागल्या. ज्या बाया चावडीपुढून पदर ओढून जायच्या त्या इंजिनिअरशी भांडायला लागल्या. प्रेमा गोपालन यांची स्वयं शिक्षण प्रयोग ही संस्था याच कामातून इथं रुजली, आणि पुढं याच बायका शेती, दुकान, उद्योग यात उतरल्या. त्या कामाला २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला.

कोट पाठवणाऱ्याला माझी आजी कोण ते माहीत नव्हतं. बैल तरी खूष होता.

रानजाई_७२ | बुधवार, रात्री ११:५५

मी लिहीत नसते, वाचते. पण झोप येईना म्हणून लिहायलेय. शुद्धलेखन बघू नका.

मी धाग्यातल्या गटातली नाही. माझा गट कळंब तालुक्यातला. आमचं पाकीटबी असंच बाहेरून छापून आलं होतं. त्याच्यावर लिहिलेलं, ‘आत्महत्याग्रस्त कुटुंबांतील भगिनींनी बनवलेली चटणी’. आम्ही बारा जणी. त्यातल्या दोघींचे मालक तसे गेलेत. बाकी दहा जणींचे धडधाकट हायेत, पारावर पत्ते खेळायलेत. आम्ही हसलो आधी. म्हटलं, आपल्यालाच मारून टाकलं की यांनी.

मग त्या दोघींतल्या एकीची लेक शाळेतून आली. नववीला हाय. तिच्या वर्गातल्या पोराच्या डब्यात ते पाकीट होतं. पोरानं वर्गात वाचून दाखवलं. पोरगी घरी येऊन आईला म्हणाली, ‘बाबाचं चटणीवर काऊन लिहिलंय?’

तिच्या आईनं त्या दिवशी उखळाजवळ बसून एक शब्द काढला नाही. खोबरं किसत राहिली, बोट किसणीला लागलं तरी.

आम्ही सांगितलं, हे छापायचं नाही. घेणारे म्हणाले, मग माल खपणार नाही, बघा तुमचं तुम्ही. सहा महिने काही काम नव्हतं. शेवटी आठवडी बाजारात पोतं टाकून बसलो. मी घरून भाकरी करून न्यायची, बोटभर तुकड्यावर चटणी लावून येईल त्याच्या हातावर ठेवायची. खाल्लं की तो थांबायचा. काही जण नुसतेच खाऊन जायचे, त्यांनाबी ठेवायची. आता आमची चटणी लातूरला शिकवणीच्या पोरांच्या मेसला जाते. डॉक्टर व्हायला आलेली पोरं, मेसच्या भाजीला चव नसती, चटणीवर जेवतात. त्यांना माहीतबी नाही कोण बनवतंय. त्याचं मला काही वाटत नाही.

तुम्ही सगळे विचारायलेत लोक का घेतात. मला गोलाईकर दादांना एक विचारायचंय. त्या होळीपर्यंत पडलेल्या शंभर पाकिटांचे पैसे गटाला कधी दिले?

पाटी_पेन्सिल | गुरुवार, सकाळी ६:४०

ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. वर्गात वाचून दाखवला तर चालेल का? तालुका आणि बाकी ओळख काढून.

रानजाई_७२ | गुरुवार, सकाळी ७:१५

दाखवा सर. पोरीचं तेवढं नका सांगू.

पाटी_पेन्सिल | गुरुवार, सकाळी ७:२०

नाही सांगणार.

सरळ_रेघ | गुरुवार, सकाळी ९:००

गोलाईकर, उत्तराची वाट बघतोय.

गोलाईकर | गुरुवार, दुपारी ३:३०

सकाळपासून तीनदा लिहून खोडलं. आता आहे तसं लिहितो.

माल मी ‘खपेल तसे पैसे’ या बोलीवर ठेवला होता. आमच्या धंद्यात नव्या मालाला तीच रीत, त्यामुळं मला त्यात काही खटकलंच नव्हतं. ती शंभर पाकिटं माझ्या फळीवर पडून होती तेव्हा माझं काहीच अडकलं नव्हतं. गहू त्यांचा, डाळ त्यांची, दळणाचे पैसे त्यांचे. मोठ्या कंपनीचा माणूस बिस्किटाचे खोके टाकतो तेव्हा त्याला पंधरा दिवसांत पैसे लागतात, नाहीतर पुढचा माल येत नाही. म्हणून तिथं आम्ही वेळेवर. गटाच्या बायका तगादा लावत नाहीत, म्हणून तिथं खपेल तसे.

ताईंनी विचारल्यावर वही उघडली. होळीनंतर ती पाकिटं भाव पाडून विकली, तोट्याचा निम्मा वाटा गटाच्या खात्यावर टाकलेला, माझ्याच अक्षरात. आणि जी गेली त्यातले काही पैसे अजून द्यायचे राहिलेत. दोन वर्षांचे. आकडा मोठा नाही. मोठा नाही म्हणूनच राहिला.

आज दुपारी दुकान मुलाकडं देऊन औशाच्या पुढं जाऊन आलो. निम्मा तोटा कापलेला तोही दिला. गटाच्या अध्यक्षबाईंनी पैसे मोजून घेतले, वहीत सही घेतली आणि चहा ठेवला. ‘विसरला असाल म्हटलं’ एवढंच बोलल्या. त्यांच्या वहीत मात्र तारखेनिशी सगळं होतं.

माझ्या दुकानाबाहेर गेली दोन वर्षं पाटी आहे: ‘येथे महिला बचत गटांची उत्पादने मिळतात’. त्या पाटीमुळं चार नवीन गिऱ्हाईकं आली असतील, माझंच नाव झालं. सर, तुमच्या उबेत मीही हात शेकून घेतला की.

आडत_आणि_हिशेब | गुरुवार, दुपारी ४:१५

शेठ, कबूल केलंत, सलाम. बाजारात हे कुणी बोलत नाही, करतात सगळे. आडतीत आमच्याकडंही लहान शेतकऱ्याची पट्टी (विकलेल्या मालाचे पैसे) उशिरा आणि मोठ्याची हातोहात. का, तर लहान ओरडत नाही.

परभणी_ते_पिंपरी | गुरुवार, सायंकाळी ६:३०

आता प्रदर्शनात गेलो की हाच प्रश्न विचारणार: ताई, स्टॉलचं भाडं कुणी भरलं आणि माल उरला तर कुणाचा? बायको म्हणते, आधी डिकीतली गोधडी काढ आणि अंथर.

गोदेकाठचा | गुरुवार, सायंकाळी ७:००

काढली का?

परभणी_ते_पिंपरी | गुरुवार, सायंकाळी ७:०४

काढली. उबदार आहे. सरांना सांगू नका.

गोलाईकर | गुरुवार, रात्री ९:२०

रानजाई ताई, एक विनंती. आमच्या वेळ अमावस्येला लातूर रिकामं होतं, सगळे शेतात, भज्जी आणि आंबिल घेऊन. त्याच्या आधी चटण्या खूप लागतात. तुमची कारळाची आणि जवसाची, दोन्ही दहा दहा किलो ठेवायची इच्छा आहे. पाकीट साधं, चिठ्ठी तुमच्या हातची. चिठ्ठीवर काय लिहायचं ते तुम्ही ठरवा. दुकानाबाहेरची पाटी आज उतरवली.

रानजाई_७२ | गुरुवार, रात्री १०:४५

पाटी असू द्या की दादा, पाटीनं काय केलंय. माल असला की लावा, नसला की काढा.

माल देते. कारळाचा भाव यंदा चढलाय, तर मागच्या भावानं जमणार नाही. निम्मे पैसे सांगतानाच, निम्मे माल पोचल्यावर, त्याच दिवशी. खपेल तसे नाही. उरला तर तुमचा.

चिठ्ठीवर तारीख लिहू आणि नंबर लिहू. फोन दुपारी दोननंतर करायला सांगा, सकाळी आम्ही रानात असतोत.

गोलाईकर | गुरुवार, रात्री १०:५२

मंजूर. निम्मे उद्या सकाळी टाकतो, नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवा. लसूण घालता का कारळात? समोरच्या काकूंना चालत नाही.

रानजाई_७२ | गुरुवार, रात्री ११:०१

लसणाशिवाय कसली चटणी. पण काकूंसाठी पावशेर वेगळी कुटून देते. त्यांना म्हणावं, फडताळात ठेवू नका, पंधरा दिवसांत खवट होते.